पोपटमासा, गोबरा आणि चोणक: आयुष्यात लिंग बदलणाऱ्या माशांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडकडे स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग करणाऱ्यांच्या होड्या जाऊ लागतात. पाण्यातून वर आलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न रंगीत माशांविषयी विचारतो. त्यातल्या एखाद्या माशाचे लिंग आयुष्यात बदलते असे सांगितले की पुढचे दहा प्रश्न त्यावरच येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मुख्य विषय पोपटमासा हा आहे. मात्र गोव्यातल्या घराघरांत ज्यांची कालवणे आणि तुकड्या होतात त्या गोबऱ्याचे आणि चोणकाचे आयुष्यही याच धाग्याने बांधलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहिले आहे.

पोपटमासा म्हणजे नेमका कोणता मासा?

पोपटमासा ही एक जात नाही. उष्ण समुद्रांतील प्रवाळांवर आणि खडकांवर राहणाऱ्या सुमारे शंभर जातींच्या गटाला हे नाव आहे. या माशांचे पुढचे दात एकमेकांना जुळून त्यांची पोपटासारखी चोच झालेली असते, म्हणून हे नाव पडले. निळा, हिरवा आणि गुलाबी हे त्यांचे रंगही नावाला साजेसेच आहेत. या चोचीचे बांधकाम थक्क करणारे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोपटमाशाच्या एका जातीच्या चोचीत पंधराएक ओळींमध्ये मिळून सुमारे एक हजार दात आढळले. ते फ्लोरापॅटाइट या अतिशय कठीण खनिजाचे असून त्याचे बारीक स्फटिक दोरखंडाच्या पेडांप्रमाणे एकमेकांत विणलेले असतात. पुढची ओळ झिजून पडली की मागची ओळ तिची जागा घेते.

भारतीय किनाऱ्यावर दूरवर आढळणारी जात म्हणजे निळ्या पट्ट्यांचा पोपटमासा, ज्याचे शास्त्रीय नाव स्कॅरस घोब्बन असे आहे. पीटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राच्या मोहिमेत केलेल्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली छापल्या गेल्या आणि त्यांतून हे नाव रूढ झाले. प्रवाळांवरचे बरेच मासे गढूळ पाण्यात टिकत नाहीत. ही जात मात्र गाळमिश्रित पाण्यातल्या खडकांवरही राहते, आणि आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

गोव्यात तो पाहायचा तर कुठे आणि कसा?

मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या पावसाळ्यात प्रचंड गाळ समुद्रात आणतात. त्यामुळे गोव्याच्या पाण्यात लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटे नाहीत, पण ग्रँड आयलंडच्या आजूबाजूला खडकांवर प्रवाळाचे विखुरलेले ठिगळ आहेत. पोपटमासे तेथेच शोधावेत. आणखी स्वच्छ पाणी हवे असेल तर दक्षिणेला कर्नाटकातल्या मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट आहे.

पाणी गढूळ असले तर डोळ्यांपेक्षा कानांवर भर द्यावा, असे मी नव्या माणसाला नेहमी सांगतो. डोके पाण्याखाली घालून श्वास शांत केला की कुरमुरे दातांखाली फोडल्यासारखा कुरकुर आवाज येतो; तो पोपटमाशाने खडक खरवडण्याचा असतो. आवाजाच्या दिशेने हळू गेल्यास तो दिसतो. तो शेपूट फारशी न हलवता छातीजवळचे पर पंखांसारखे मारत पुढे सरकतो, डोके खाली करतो, दोन-तीन चावे घेतो आणि पुढच्या खडकाकडे जातो. तो गेल्यावर खडक जवळून पाहावा. शेवाळाच्या हिरवट-तपकिरी थरावर फिकट, जेमतेम नखाएवढे ओरखडे दिसतात आणि बऱ्याचदा दोन-दोन समांतर रेघा असतात. मासा दिसला नाही तरी या खुणा पाहून तो तेथे चरून गेल्याचे कळते.

हा मासा खरोखरच लिंग बदलतो का?

होय. पोपटमाशाच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी म्हणून वयात येतो, काही काळ अंडी घालतो आणि पुढे त्याच शरीरात अंडाशयाच्या जागी वृषण तयार होऊन तो नर म्हणून जगू लागतो. हा बदल एकाच दिशेने होतो. नर झालेला पोपटमासा पुन्हा मादी होत नाही.

हे केव्हा घडते याचे उत्तर वयापेक्षा आजूबाजूच्या माशांत अधिक सापडते. अनेक जातींत एक मोठा नर खडकांचा एक भाग राखून असतो आणि त्या भागात काही माद्या त्याच्यासोबत राहतात. नर जिवंत आहे तोवर तो त्यांना हाकलतो, दटावतो, आणि त्याच्या या वावरामुळेच मोठ्या माद्यांचे मादीपण टिकून राहते. तो मेला, पकडला गेला किंवा मोठ्या माशाच्या तोंडी पडला की गटातली सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते. सारांश असा की लिंगबदलाची घड्याळे प्रत्येक माशाच्या शरीरात असली तरी त्यांची किल्ली गटाच्या हातात असते.

मादी आणि नर यांचे रंग इतके वेगळे का असतात?

पोपटमाशाच्या आयुष्यात रंगाच्या दोन अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत बहुतेक जाती तपकिरी, करड्या किंवा तांबूस असतात. दुसरी अवस्था मोठ्या नराची: निळाहिरवा रंग, खवल्यांच्या कडांना गुलाबी झाक, तोंडाभोवती रंगीत रेघा. निळ्या पट्ट्यांच्या पोपटमाशात पहिली अवस्थाही देखणी आहे. पिवळसर अंगावर पाच निळसर पट्टे असतात आणि नर झाल्यावर ते पुसले जाऊन सगळे अंग निळेहिरवे होते.

हा फरक इतका मोठा आहे की जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीची मादी आणि नर यांना अनेकदा दोन वेगळ्या जाती समजून दोन नावे दिली. संग्रहालयातल्या बाटलीत रंग उडालेले मासे पाहून ठरवलेल्या त्या जाती पुढे पाण्यात प्रत्यक्ष निरीक्षणे झाल्यावर एकमेकींत विलीन कराव्या लागल्या. म्हणून ग्रँड आयलंडवरून परतणारा कोणी «आज दोन प्रकारचे पोपटमासे पाहिले» असे सांगतो, तेव्हा मी त्याला आधी आकार विचारतो.

मग प्रत्येक नर आधी मादीच असतो का?

नाही, आणि या विषयातला हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. काही जातींत थोडे मासे जन्मापासूनच नर असतात. ते पहिल्या अवस्थेचा, म्हणजे मादीसारखा रंग घेऊन वावरतात. मोठा नर आणि मादी अंडी सोडण्यासाठी जोडीने झपकन वर झेपावतात तेव्हा हे छोटे नर ऐन क्षणी मधे घुसून आपले शुक्राणू सोडतात. मोठ्या नराला ते मादी वाटत असल्यामुळे तो त्यांना फारसे हाकलत नाही. यांतलेही काही पुढे आकाराने वाढल्यावर रंगीत अवस्थेत जातात. याउलट लेप्टोस्कॅरस व्हायजिएन्सिस या समुद्री गवतात राहणाऱ्या जातीत लिंगबदल होतच नाही; मादी ती मादी आणि नर तो नर.

शरीरात नेमके काय घडते आणि त्याला किती दिवस लागतात?

माशांच्या शरीरात अरोमाटेज नावाचे एक विकर असते. ते नर-संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकात करते आणि अंडाशय अंडाशय म्हणून टिकून राहते ते या इस्ट्रोजेनच्या जोरावर. गटातला मोठा नर नाहीसा झाला की मेंदूकडून येणारे संदेश बदलतात, अरोमाटेजचे उत्पादन घटते, इस्ट्रोजेन उतरते आणि नर-संप्रेरकाची पातळी चढते. अंडाशयातल्या अंडपेशी विरघळू लागतात आणि त्याच अवयवात शुक्राणू तयार करणाऱ्या ऊती वाढतात. बाहेरून नवा अवयव येत नाही. आहे त्याच अवयवाची आतून पुनर्रचना होते.

कालावधी जातीनुसार बदलतो. पोपटमाशांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणाऱ्या सफाई करणाऱ्या रास माशाचे उदाहरण सर्वांत चांगले अभ्यासलेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटावर डी. आर. रॉबर्टसन यांनी त्याचे निरीक्षण करून १९७२ साली ते प्रसिद्ध केले. नर काढून टाकल्यावर काही तासांतच सर्वांत मोठी मादी नराप्रमाणे इतर माद्यांना दटावू लागते आणि साधारण दोन ते अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. वागणूक आधी बदलते आणि शरीर नंतर, हा क्रम मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो. शरीराने अजून मादी असलेला मासा नराच्या हद्दीवर पहारा देत फिरत असतो आणि गटातले बाकीचे मासे त्याचे ऐकतही असतात.

निसर्गाने एवढी उलाढाल कशासाठी केली असावी?

याचे आजही मान्य असलेले स्पष्टीकरण मायकेल गिसेलिन यांनी १९६९ साली मांडले. लहान नराला मोठ्या नरापुढे माद्या मिळत नाहीत, पण लहान मादी अंडी घालू शकते. म्हणून जेथे एकच धिप्पाड नर अनेक माद्या राखतो तेथे लहानपणी मादी असणे आणि मोठेपणी नर होणे फायद्याचे ठरते. सगळे आयुष्य एकाच लिंगात काढणाऱ्या माशापेक्षा अशा माशाची पिल्ले अधिक होतात. जेथे नराला मोठे असण्याचा लाभ नाही, पण मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त, तेथे हिशेब उलटा होतो आणि मासा आधी नर, मग मादी होतो. समुद्रफुलांत, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांत, राहणारा केशरी-पांढरा क्लाउनफिश असाच आहे. त्याच्या छोट्या कुटुंबात सर्वांत मोठा मासा मादी असतो आणि ती गेल्यावर तिचा जोडीदार नर मादी बनतो.

आपण खातो त्या माशांत असे कोणी आहे का?

आहे, आणि एकाच बाजारात दोन्ही दिशांची उदाहरणे शेजारी मांडलेली असतात. गोबरा आधी मादी असतो आणि वाढल्यावर नर होतो. चोणक आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो.

चोणकाचे आयुष्य गोव्याच्या भूगोलाला अगदी जुळणारे आहे. तो खाडीत आणि नदीत वाढतो, भरतीच्या पाण्याबरोबर मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) शिरतो आणि अंडी घालण्यासाठी नदीमुखाच्या खारट पाण्याकडे येतो. ऑस्ट्रेलियात, जेथे हाच मासा बॅरामुंडी म्हणून ओळखला जातो, केलेल्या अभ्यासांनुसार तो सुमारे तीन ते पाच वर्षांचा होईपर्यंत बहुधा नर म्हणून वयात येतो आणि साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीच्या टप्प्यावर मादी होतो. एकदा पणजीच्या मासळी बाजारात माझ्यासमोर मीटरभर लांबीच्या चोणकाचे पोट चिरले गेले. आत पिवळसर गाबोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या, दोन जाड लांबट पिशव्या होत्या, त्यांवर लाल शिरांची जाळी पसरलेली होती, आणि विकणाऱ्या बाईंनी त्या अलगद बाजूला काढून «ही गाबोळी लहान चोणकात मिळायची नाही, बाय» असे माझ्यासोबतच्या ताईंना सांगितले. त्यांनी अनुभवाने सांगितलेली गोष्ट जीवशास्त्राशी तंतोतंत जुळते. लहान चोणकात गाबोळी शोधून सापडत नाही, कारण तो त्या वेळी नर असतो.

गोबऱ्याच्या बाबतीत मोठ्या माशाच्या पोटात नराचे पांढरे वीर्याशय मिळण्याची शक्यता जास्त असते. येथूनच माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातला सर्वांत कळीचा मुद्दा सुरू होतो. आपण सर्वांत मोठा मासा निवडून पकडतो, तेव्हा गोबऱ्याच्या गटातले बाप कमी होतात आणि चोणकाच्या गटातल्या आया कमी होतात. मेक्सिकोच्या आखातात गॅग नावाच्या गोबऱ्याच्या जातीत १९७० च्या दशकात सुमारे १७ टक्के नर असत. पुढच्या दोन दशकांत जोरदार मासेमारीनंतर ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. माद्या लिंग बदलून ही तूट काही अंशी भरून काढतात, पण बदलाला वेळ लागतो, बदलणारे मासे लहान असताना बदलू लागतात आणि तेवढ्या माद्या अंडी घालण्यातून बाद होतात.

हे प्रदूषणामुळे होते का?

नाही. पोपटमासा, गोबरा आणि चोणक यांचा लिंगबदल नैसर्गिक आहे. प्रदूषणामुळे होणारी वेगळी विकृती मात्र गोव्याच्या किनाऱ्यावर नोंदली गेली आहे. जहाजांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या ट्रायब्यूटिल टिन या रसायनयुक्त रंगामुळे काही समुद्री शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात आणि त्या अंडी घालण्यास असमर्थ होऊ शकतात. या रंगांवर जागतिक बंदी आणणारा करार सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला. त्या शंखांचे हाल आणि पोपटमाशाचे जीवनचक्र या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

तो रात्री चिकट पिशवीत झोपतो, हे कितपत खरे?

काही जातींच्या बाबतीत पूर्णपणे खरे आहे. अंधार पडला की मासा खडकाच्या कपारीत शिरतो आणि कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक कोश तयार करतो. कोशामुळे माशाचा वास दबतो आणि मोरे ईल हा शिकारी मासा त्याला शोधू शकत नाही, असे पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या प्रयोगांत असे दिसले की कोश काढून टाकलेल्या माशांना रक्त शोषणारे बारीक परजीवी फार मोठ्या प्रमाणात चावतात. म्हणजे हा कोश त्याची मच्छरदाणी आहे. झोपलेला पोपटमासा इतका निश्चल असतो की रात्री टॉर्च आणि भाला घेऊन उतरणाऱ्याला तो सहज सापडतो, आणि पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवर त्याची संख्या अशा रात्रीच्या शिकारीमुळेच घटली आहे.

कळंगुटची वाळू पोपटमाशांनी तयार केली आहे का?

नाही. गोव्याच्या किनाऱ्यांची वाळू प्रामुख्याने नद्यांनी आणलेल्या खडकांच्या चुऱ्याची आहे, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले आहेत. मालदीव आणि लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूची गोष्ट वेगळी आहे. पोपटमासा चुनखडीचा चुरा गिळतो, घशातल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात तो दळतो, त्यातले अन्न शोषून घेतो आणि उरलेली वाळू बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवतीच्या २०१५ सालच्या अभ्यासात नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची असल्याचे दिसले. डोक्यावर टेंगूळ असणारी सर्वांत मोठी जात तर वर्षाला एका माशामागे पाच टनांहून अधिक प्रवाळ-चुनखडी चावून काढते.

प्रवाळ चावणारा मासा प्रवाळाचा शत्रूच ना?

बहुतेक जाती जिवंत प्रवाळ फार कमी खातात. मेलेल्या प्रवाळावर आणि खडकावर वाढणारे शेवाळ व सूक्ष्मजीव हे त्यांचे खाद्य आहे. शेवाळ खरवडले गेले नाही तर ते खडक व्यापते आणि प्रवाळाच्या तरंगत आलेल्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही. याच कारणाने बेलीझ या देशाने २००९ साली पोपटमासे पकडण्यावर बंदी घातली.

घरच्या टाकीत पाळता येईल का?

पाळू नये. दिवसभर खडक खरवडत फिरणे ही त्याची गरज आहे आणि कोणतीही घरगुती टाकी ती भागवू शकत नाही.

पाण्यात उतरल्यावर काय पाळावे?

प्रवाळावर उभे राहू नये. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा गुन्हा आहे. होडीवाल्याने नांगर वाळूत टाकावा असा आग्रह प्रवाशांनीच धरावा. आणि पाव टाकू नये. एका सहलीत आमच्या शेजारच्या होडीतून पावाचे तुकडे टाकले जात होते आणि काही मिनिटांतच पट्टेदार सार्जंट मासे त्यावर तुटून पडले, खडकावर चरणारे दोन पोपटमासे मात्र त्या झुंबडीने तेथून निघून गेले. ज्यांना पाहायला माणसे तासभर प्रवास करून आली होती ते पावामुळे निघून गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

गरीला मोठा गोबरा लागला तर काय करावे?

मुरगाव आणि दोनापावलच्या खडकांवरून गरवणारी मंडळी हा प्रश्न मनापासून विचारतात. उथळ पाण्यातला मासा असेल तर हात ओले करून त्याला धरावे, गरी पक्कडीने काढावी आणि त्याला लगेच पाण्यात सोडावे, तो जगतो. गरी खोल गिळली गेली असेल तर ती ओढण्यापेक्षा दोरा तोंडाजवळ कापणे बरे. खोल पाण्यातून वर ओढलेल्या गोबऱ्याचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगलेला असतो, जठर तोंडातून बाहेर आलेले दिसते आणि तो उलटा तरंगत राहतो. असा मासा नुसता सोडून दिल्यास घारींच्या किंवा मोठ्या माशांच्या तोंडी पडतो. म्हणून खोल पाण्यात एक-दोन गोबरे मिळाल्यावर तेथेच गरवत न बसता जागा बदलावी.